तीन चहा झाले की कंडेम

त्यांना काय म्हणून हाक मारायची, हा प्रश्न आमच्या ऑफिसात शेवटपर्यंत सुटला नाही. मी रुजू झाले त्या दिवशी 'सर' म्हणून पाहिलं. "सर म्हणू नका, मी तुम्हाला काही शिकवलेलं नाही," असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी 'साहेब' म्हटलं. "साहेब सह्या करतात. मी नोंदी करतो." 'काका' म्हणायची सोय नव्हती, कारण ते पद आमच्या मालकांकडे होतं; त्यांना अख्खी नारायण पेठ काका म्हणायची. "मग म्हणू तरी काय?" मी वैतागून विचारलं.

"काम सांगा. हाका मारण्यात वेळ जातो."

उरलं फक्त 'अहो'. तेव्हा मी चोवीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि आमचा धंदा पत्रिका जुळवायचा. सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभी राहून मी "अहो, ऐकलंत का?" म्हटलं, की बाकावर बसलेली दोन्हीकडची मंडळी वळून आधी माझ्याकडे आणि मग त्या साठीच्या गृहस्थांकडे बघायची. त्यांच्या पाठीमागे मात्र नावाचा प्रश्न नव्हता. पाठीमागे ते सगळ्यांचे 'कंडेमसाहेब' होते.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं तेव्हा गळ्यात ओळखपत्रं अडकवून कंपनीच्या बसची वाट बघत चौकाचौकांत उभी राहायची, उरलेली अमेरिकेत पोचली होती. मी बिबवेवाडीहून स्कूटीवरून नारायण पेठेत यायचे आणि तीन जिने चढून शनी-मंगळाची गणितं करणारं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचे. दोन हजार साल लागताना सगळं जग घाबरलं होतं, आमच्याकडे कुणी घाबरलं नाही; आमच्या सॉफ्टवेअरला शक, संवत् आणि अधिक महिना कळायचा, त्यापुढे दोन शून्यांचं काय भय! आई मात्र मैत्रिणींना "मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत भाजीचा विषय काढायची.

काकांच्या वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या पत्रिका मांडल्या होत्या. निम्म्या वह्या पानशेतच्या पुरात गेल्या. उरलेल्या काकांनी कॉम्प्युटरवर टाइप करून घेतल्या, आणि शेवटचं पान टाइप होईपर्यंत पहिल्या वह्या वाळवीनं संपवत आणल्या. म्हणजे जे होतं ते सर्व्हरवर होतं. एक मुख्य सर्व्हर रोजच्या कामाचा, आणि त्याची नक्कल ठेवणारे दोन बॅकअप सर्व्हर. नावं अ ते न एकावर, प ते ज्ञ दुसऱ्यावर. बॅकअप हा शब्द कंडेमसाहेबांना मान्य नव्हता. ते 'राखीव क्रमांक एक' आणि 'राखीव क्रमांक दोन' म्हणत, फौजेत म्हणतात तसं.

ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात भांडारपाल होते. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार होईना. यांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि शेवटच्या पानापर्यंत गेले, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. अख्खी माहितीपुस्तिका वाचलेला माणूस मी त्याआधी आणि त्यानंतरही पाहिला नाही. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले. रोज सायकलीवर, खडकी ते नारायण पेठ, हँडलला डबा.

घरचे बौद्ध. "आमच्या वडिलांनी छप्पन साली पत्रिका, मुहूर्त, ग्रह, सगळं एकदमच कंडेम केलं," ते सांगत. मग पत्रिकांच्या कंपनीत कसे, असं मी एकदा भोचकपणे विचारलं. ते म्हणाले, "चौतीस वर्षं दारूगोळा सांभाळला. युद्धाची आवड होती म्हणून नाही."

आता कंडेम म्हणजे काय ते सांगायला हवं. सरकारी भांडारात वस्तू मोडली, जुनी झाली, म्हणून फेकता येत नाही. तिघांचं मंडळ बसतं, वस्तू तपासतं, फॉर्मवर कारण लिहितं, तिघे सह्या करतात, आणि वस्तू 'कंडेम' होते. आमच्या ऑफिसात अकरा माणसं होती, तरी त्यांनी हे मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष काका, सदस्य मी, सचिव ते स्वतः. आम्ही स्टेपलर कंडेम केलं आहे. पायपुसणं कंडेम केलं आहे, आणि त्यावर दहा मिनिटं चर्चाही झालेली आहे. कंडेम वस्तूवर ते लाल ऑइलपेंटनं फुली मारत आणि खाली अक्षरांत तसं लिहीत.

एकदा बाकाशेजारची खुर्ची कंडेम झाली. त्यांनी बैठकीवर फुली मारली, 'कंडेम' लिहिलं, आणि रंगाचा डबा ठेवायला आत गेले. तेवढ्यात एका मुलाचे वडील पत्रिका जुळवायला आले आणि पांढऱ्या स्वच्छ पँटनं त्या खुर्चीत बसले. समोर मुलीकडचे. गुण छत्तीसपैकी एकोणतीस जुळले, पेढ्यांचा विषय निघाला, गृहस्थ आनंदानं उठले आणि काकांना नमस्कार करायला वाकले. मुलीच्या आजीनं चष्मा लावून त्यांच्या पाठीमागचं उलटं अक्षर सुलटं करून वाचलं. ते स्थळ तिथेच बारगळलं. कंडेमसाहेबांनी आपल्या वहीत नोंद केली, 'रंग वाळण्यास वेळ द्यावा.'

पण त्यांचा खरा सोहळा महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकराला असे. त्याला ते 'तालीम' म्हणत. अकराच्या ठोक्याला ते मुख्य सर्व्हरचं बटण बंद करत. सांगून सवरून नाही, सरळ बंद. पडदे काळे पडत, कुणाचं तरी अर्धं टिपण जाई, काका "अहो, गिऱ्हाईक बसलंय!" म्हणून ओरडत. मग ते राखीव दोघांना कामावर उभं करत, आणि त्यांच्या भरवशावर ऑफिस पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला ते लिहून ठेवत.

"चालू सर्व्हर कशाला बंद करता?" काका दर महिन्याला विचारत.

"दारूगोळा अजून फुटला नाही, म्हणजे चांगला आहे, असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. एक काढायचा आणि फोडून बघायचा."

त्या वेळात आम्हा बाकीच्यांना काम नसे. आम्ही खाली कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहाला जायचो. म्हणून त्यांचं मोजमाप चहात झालं. तीन जिने उतरणं, चहा सांगणं, पिणं, काकांना नावं ठेवणं आणि परत चढणं मिळून एक चहा, म्हणजे बावीस मिनिटं. हे त्यांनी तीनदा घड्याळ लावून ठरवलं होतं. काकांना नावं ठेवण्याची मिनिटं वेगळी दाखवली होती.

मी लागले तेव्हा राखीव दोघं एका चहात उभे राहत. आम्ही वर यायचो तर पडदे उजळलेले असायचे. दुसऱ्या वर्षी दीड झाला. तिसऱ्या वर्षी आम्ही वर येऊन, परत खाली जाऊन दुसरा चहा घेऊ लागलो. खोलीतून आवाज यायचा, आजोबांनी खुर्चीतून उठताना काढावा तसा. त्यांची वही मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिली. ओळीनं आकडे होते, आणि एकही आकडा मागे फिरलेला नव्हता.

"बदलायचे कधी?" मी विचारलं.

"तीन चहा झाले की कंडेम. तिसरा चहा कुणालाच नको असतो. माणूस वर येऊन विचारतो, अजून किती? आणि ज्याला 'अजून किती' विचारावं लागतं, त्याला राखीव म्हणत नाहीत."

पावसाळा संपता संपता तो शनिवार आला. तीन चहा झाले, मला पित्त झालं, आणि त्यांनी फॉर्म भरून काकांपुढे ठेवला. काकांनी तो न वाचता बाजूला सरकवला.

"चालतंय की!"

हे काकांचं आवडतं वाक्य. त्यांची स्कूटर सुरू करण्याआधी आडवी करून दोनदा हलवावी लागे, तीसुद्धा चालतंय की. घरच्या मिक्सरचं झाकण हातानं दाबून धरायचं, चालतंय की.

"चालतंय तेव्हाच बदलायचं असतं," कंडेमसाहेब म्हणाले. "बंद पडल्यावर करतात त्याला बदलणं म्हणत नाहीत. तुमच्यात दहावा म्हणतात."

काका चिडले, पण एकीकडे घाबरलेही असावेत, कारण घाबरल्यावर ते जे नेहमी करत तेच त्यांनी केलं. प्रत्येक सर्व्हरवर कंडेमसाहेबांनी भांडारातल्या सवयीनं लेबल लावलं होतं. 'सेवेत दाखल' आणि पुढे तारीख, वेळ, स्थळ, मिनिटासकट. राखीव दोघं एकाच वेळी आलेले, त्यामुळे दोघांची वेळ एकच, सकाळी दहा वाजून पंधरा मिनिटं. काकांनी ते टिपून घेतलं आणि सर्व्हरची पत्रिका मांडली. जुळ्यांची, म्हणून एकच. जन्मस्थळ नारायण पेठ, तिसरा मजला.

"शनी आठवा," ते समाधानानं म्हणाले. "अष्टमातला शनी म्हणजे दीर्घायुषी. काही होत नाही यांना."

मी हसून हसून बेजार झाले. कंडेमसाहेब हसले नाहीत. ते खोलीत जाऊन दोन यंत्रांच्या मधे स्टुलावर बसले. मी मागे गेले तर म्हणाले, "परवा एक म्हातारी आली होती. जन्मवेळ विचारायला. पत्रिका नको होती तिला, नुसती वेळ. आई वारली, आता मी कधी जन्मले हे सांगणारं घरात कुणी नाही, म्हणाली. मी काढून दिली. पहाटे चार चाळीस. ती रडायला लागली. पत्रिका गेल्या तरी मला दुःख नाही. पण वेळा जाता कामा नयेत. ती नोंद कुणीतरी जागं राहून केलेली आहे."

ते असं कधी बोलत नसत. मला त्या वेळी त्यांची इतकी दया आली, की मी ठरवलं, हे काम आपण करायचं.

काम सोपं होतं, कारण सॉफ्टवेअर माझ्याच हातातलं. जन्मवेळ दोन तासांनी पुढे नेली की लग्नरास बदलते आणि आठवा शनी सातव्यात येतो. सातवं म्हणजे मारकस्थान. मी दोन्ही लेबलं काढली, तशीच नवी केली, आणि सकाळी दहा पंधराऐवजी दुपारी बारा पंधरा लिहिलं. मग भोळ्या चेहऱ्यानं काकांना म्हटलं, "काका, तुम्ही सकाळची वेळ धरलीत, लेबलवर दुपारची आहे वाटतं."

काका भिंग घेऊन गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "मारकेश," एवढंच म्हणाले आणि त्याच दिवशी नवे सर्व्हर सांगितले. अमावस्येच्या आत यायला हवेत, अशी ताकीदही दिली.

मी दिवसभर तरंगत होते. संध्याकाळी कंडेमसाहेब माझ्या टेबलापाशी आले. हातात वही आणि दोन्ही लेबलं.

"अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले. "तिथेच सापडलात."

"पण सर्व्हर येतायत ना!" मी म्हटलं. "तुम्हाला तेच हवं होतं."

"पेटीवरचं लेबल बदललं तर काय होतं, माहीत आहे? काही होत नाही. दहा वर्षं काही होत नाही. मग एक दिवस कुणीतरी लेबलवर विश्वास ठेवून पेटी उघडतं." ते खुर्चीत बसले. "माझी जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना मास्तरांनी टाकली. वर्गात आम्ही बावीस जण एक जूनचे. आईला पाऊस आठवायचा, बाकी काही नाही. मी निवृत्तसुद्धा मास्तरांच्या तारखेनं झालो. तेव्हा माझ्यासमोर वेळ बदलू नका. काकांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

नोकरी जाणार हे मला दिसत होतं, आणि आई मैत्रिणींना काय सांगेल तेही. आम्ही दोघं काकांपुढे उभे राहिलो. मी सांगितलं.

"म्हणजे शनी आठवाच," काका म्हणाले.

"आठवाच," कंडेमसाहेब म्हणाले.

"म्हणजे मी सांगितलेले सर्व्हर रद्द करू शकतो."

"करू शकता."

"तरी सांगायला आलात?"

"वेळ चुकीची होती."

काकांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं या खुर्चीत बसलोय. गुण जुळावेत म्हणून मुलांच्या जन्मवेळा बदलून आणणारे आईबाप रोज बघतो. मला कळतं, मी बोलत नाही. पण बदललेली वेळ दुरुस्त करायला परत आलेलं माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय." मग माझ्याकडे वळून, "ते माणूस तू नव्हेस, तुला धरून आणलंय," आणि पुन्हा त्यांच्याकडे, "तीन चहा म्हणालात ना? आणा तो फॉर्म. मुहूर्त मात्र मी बघणार."

"बघा की," कंडेमसाहेब म्हणाले. "शनिवारी अकराला निघेल असा बघा."

मला शिक्षा झाली. वहीत नोंद झाली, 'सदस्यांनी लेबल बदलले. ताकीद.' आणि त्या दिवसापासून प्रत्येक तालमीला मी त्यांच्या शेजारी उभं राहायचं ठरलं. चहा बंद. कोणतं बटण आधी, कोणतं नंतर, कुठे थांबायचं, कुठे कान द्यायचा, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. 'सर' म्हणायची तरी परवानगी द्या, म्हटलं. दिली नाही.

नवे सर्व्हर छान होते, पाव चहात उभे राहायचे. पण वर्षा-दोन वर्षांनी गंमत व्हायला लागली. तालमीला पुन्हा दीड चहा, मग दोन. मंडळी जिन्यात कुरकुरू लागली, नवी मशीनंही सुस्तच निघाली. मी त्यांच्या शेजारी उभी असे, तरी मला कळलं नाही. किंवा कळत होतं आणि मी बघत नव्हते. ते चष्मा शोधत. कळफलकावर बोट धरून थांबत. पासवर्ड चुकत, आणि मी तो हळूच पुटपुटत असे.

मग एका पहिल्या शनिवारी ते आलेच नाहीत. पावणेअकरा झाले. घरचा फोन कुणी उचलेना. काका दोनदा गॅलरीत जाऊन आले.

"आजची तालीम राहू दे," ते म्हणाले. "चालतंय की."

ते वाक्य ऐकलं आणि मी उठले. अकराला मी मुख्य सर्व्हर बंद केला. पडदे काळे झाले, मंडळी खाली गेली. मी मनातल्या मनात त्यांच्याच आवाजात पायऱ्या म्हणत गेले, हे आधी, ते नंतर, इथे थांबा, आता ऐका. मंडळी चहा पिऊन वर आली तेव्हा सगळ्यांचे पडदे उजळलेले होते.

सगळ्यांच्या मागून, कठडा धरून, कंडेमसाहेब चढून आले. ते सकाळपासून अमृततुल्यच्या बाकावर वही घेऊन बसले होते.

"एक चहा," त्यांनी सांगितलं आणि लिहिलं. "त्यातही पाच मिनिटं यांनी साखरेवरून भांडण केलं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी वही माझ्यापुढे धरली. नव्या सर्व्हरपासून त्यांनी दोन रकाने केले होते. 'यंत्र' आणि 'माणूस'. यंत्राखाली दर महिन्याला पाव चहा, पाव चहा, पाव चहा. माणसाखाली अर्धा, एक, दीड, दोन, अडीच. मागच्या महिन्यात तीन.

वहीत फॉर्म घडी करून ठेवला होता. वस्तूचे नाव, राखीव क्रमांक तीन. उत्पादनाची तारीख, 'माहीत नाही. १ जून हे लेबल आहे.' कंडेम करण्याचे कारण, 'तीन चहा.' पर्यायी व्यवस्था, 'आज तपासली. योग्य.' सचिव म्हणून त्यांची सही होती. अध्यक्ष म्हणून काकांनी तिथल्या तिथे केली, कागद न वाचता, आणि तोंड खिडकीकडे केलं. सदस्याची जागा रिकामी होती.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "चालतंय की अजून!"

"हे काकांचं वाक्य आहे," ते म्हणाले. "चालतंय तोवरच करा."

मी रडत होते आणि मला रडताना काहीतरी वाकडं बोलल्याशिवाय राहवत नाही. "आणि लाल फुली?"

"ती राहू द्या. पँट नवी आहे."

मी सही केली आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी ते उचलून पुन्हा माझ्या हातात दिलं आणि सहीखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"वेळ राहिली," ते म्हणाले. "खरी लिहा."